आम्हीं ऐकलेले मल्लिकार्जुन

आमच्या घराण्यांत गाणें शिकलेला असा एकही पुरुष झाला नाहीं. आजोबांस भजनाचा नाद होता, परंतु तो टाळ-चिपळ्यांपुरता. तात्यांनीं, म्हणजे आमच्या वडिलांनीं, मात्र जन्मभर गाणें ऐकलें. आणि ऐकण्याची म्हणून जी एक विद्या असते ती त्यांच्यापाशीं होती, असें आज साठी उलटल्यावर आम्ही मोकळ्या मनानें म्हणूं शकतों. त्या वेळीं म्हणत नव्हतों. गाणें आम्हांस कळतें व तात्यांस तें नुसतें आवडतें, अशी आमची तेव्हां पक्की समजूत होती.

तात्या बेळगांवास कोर्टांत कारकून होते. लग्नापूर्वीं कांहीं वर्षें ते धारवाडास मामांकडे राहिले होते, आणि तेथें एका वाड्यांत त्यांनीं तरुण मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले. पुढें नोकरी लागतांच मन्सूरांची एक तबकडी त्यांनीं पगारांतून पैसे वांचवून आणली. त्या महिन्यांत घरांतल्या कोणकोणत्या जिनसा कमी पडल्या, हें मोठी काकू पुढें चाळीस वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असे. आमच्या लहानपणीं ती तबकडी इतकी झिजली होती कीं, पावसाच्या सरींतून कोणी लांबून गावें तसें तिच्यांतून ऐकूं येई. तरी दर दिवाळीच्या पाडव्यास ती एकदां लागावयाचीच.

आमची स्वतःची भक्ति जडली ती रेडिओवरून. मॅट्रिक होऊन आम्ही शाळेंत नोकरीस लागलों त्या सुमारास धारवाड केंद्रावरून मन्सूरांचें गाणें वरचेवर होई. आम्हीं एक दोनशें पानी वही केली होती. तींत तारीख, राग, ताल, चीज विलंबित कीं द्रुत, अशा नोंदी करावयाच्या. रागाचें नांव निवेदकानें सांगण्यापूर्वीं आम्हीं ओळखलें, तर समासांत एक फुली. ही फुल्यांची मिजास पुढें कोठें नडली तें सांगावयाचेंच आहे.

मन्सूरांची हकीकत जुन्या वाचकांस ठाऊक असेलच. नव्यांकरितां चार ओळी लिहितों. त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१० रोजीं धारवाडजवळच्या मन्सूर या खेड्यांत झाला. लहानपणींच ते कानडी नाटक कंपनींत गेले. तेथून मिरजेस नीलकंठबुवांच्या हातीं पडले व ग्वाल्हेरची गायकी शिकले. एवढ्यावर दुसऱ्या कोणाचें पोट भरलें असतें. परंतु पुढें मुंबईस अल्लादियाखांसाहेबांचे चिरंजीव मंजीखां यांच्याकडे त्यांनीं नव्यानें गंडा बांधला. आणि १९३७ सालीं मंजीखां अकालीं वारले तेव्हां त्यांचे धाकटे बंधु बुर्जीखां यांनीं ही तालीम पुढें चालविली. जयपूर-अत्रौली घराण्याचे जे आडवळणाचे राग, ज्यांचीं नांवें ऐकूनच सामान्य गवई खाकरूं लागतो, ते मन्सूरांच्या गळ्यांत असे घरच्यासारखे नांदले. मान मात्र उशिरां मिळाला. पद्मश्री १९७० सालीं, पद्मभूषण १९७६ सालीं. ज्या वयांत आम्हां शाळामास्तरांस पेन्शनीचे कागद जुळविण्याची घाई होते, त्या वयांत हे गृहस्थ खऱ्या अर्थानें उजेडांत आले.

इकडे तात्यांचे कान गेले. आधीं एक, मग दुसरा. आणि १९८४ च्या सुमारास त्यांस कांहींच ऐकूं येईनासें झालें. यंत्र आणलें होतें, पण त्यांतून शिट्टीखेरीज दुसरें कांहीं येत नाहीं असें म्हणून त्यांनीं तें डबींत घालून कपाटांत ठेविलें. शेवटीं आम्हीं एक दगडी पाटी आणली. घरांतल्या अकरा माणसांपैकीं ज्याला तात्यांशीं बोलावयाचें असेल त्यानें पाटीवर लिहावें. तात्या तोंडीं उत्तर देत, आणि तेंही चार घरें ऐकूं जाईल अशा स्वरांत. पाडव्याची तबकडी त्या वर्षापासून बंद झाली. लावूं नका असें कोणी म्हटलें नाहीं. लावली नाहीं एवढेंच.

१९८७ सालच्या जानेवारींत बेळगांवांतील कांहीं रसिकांनीं एका शाळेच्या दिवाणखान्यांत मन्सूरांचें गाणें ठरविलें. आदल्याच वर्षीं भाषेच्या वादावरून गांवांत मोठें आंदोलन पेटलें होतें, आणि मराठी व कानडी शेजारी एकमेकांकडे पाहतांना अजून जरा जपूनच पाहत होते. अशांत हें गाणें. आम्हीं खटपट करून दोन पास मिळविले. एक आमचा, दुसरा आमच्या एका सहकाऱ्यास कबूल केला, कारण ते पेटी वाजवीत व त्यांच्याशीं गाण्यावर बोलतां येई.

मंडळींनीं विचारलें, "तात्यांना न्यायचं ना?" आम्हीं म्हटलें, "त्यांना काय ऐकूं येणार? उगीच थंडींत त्रास." हें कारण खरें होतें, पण तें कारण नव्हतें. तात्या भर मैफलींत मोठ्यानें बोलतील व चार जाणत्या लोकांत आमची शोभा होईल, हें खरें कारण. त्या सायंकाळीं आमची कपड्यांची गडबड पाहून तात्यांनीं विचारलें, "आज काय आहे रे?" आम्हीं पाटीवर लिहिलें, 'शाळेची सभा आहे.' खोटें बोलूं नये हा धडा आम्हीं त्याच आठवड्यांत वर्गांत शिकविला होता. लिहितांना हात अडखळला असें म्हणावेंसें वाटतें, परंतु अडखळला नाहीं. अक्षर नेहमीसारखें सुंदर आलें.

आम्ही चपला घालीत होतों तों पाठीमागून मोठ्या काकूनें पाटी उचलली. तबकडीच्या पैशांवरून जन्मभर बोललेली हीच काकू. तिला लिहिण्याचा सराव नव्हता. तिनें वांकड्यातिकड्या अक्षरांत, आमच्या ओळीच्या खालीं, दोनच शब्द लिहिले: 'मल्लिकार्जून गाणार.' रफार तेवढा नेमका जागेवर पडला होता.

पांच मिनिटांत तात्या काळा कोट, टोपी व गळपट्टा घालून दाराशीं उभे. आमच्याकडे पाहिलें नाहीं कीं एक शब्द बोलले नाहींत. सहकाऱ्यांस आम्ही वाटेंत गांठून खरें काय तें सांगितलें. ते सज्जन गृहस्थ मागें दाराशीं उभे राहून ऐकून गेले व पुढें कधीं त्याचा उच्चार त्यांनीं केला नाहीं.

दिवाणखाना गच्च भरला होता. मन्सूर आले तेव्हां त्यांचें वय शहात्तर. किरकोळ शरीर, चष्मा, पांढरें धोतर. मागें तंबोऱ्यावर त्यांचे पुत्र राजशेखर. खरें सांगावयाचें तर आमच्या पोटांत गोळा आला होता. ज्यास आपण वर्षानुवर्षें केवळ कानांनीं पूजिलें तो माणूस म्हातारा झालेला पाहणें सोपें नसतें. त्यांतून मन्सूरांचा विडीचा शौक जगजाहीर. श्वास पुरेल का? तार षड्जास आवाज चिरकला तर? त्यापेक्षां घरीं रेडिओ बरा होता, असेंही क्षणभर मनांत आलें.

त्यांनीं आलापांचा मोठा प्रस्ताव केला नाहीं. तंबोरे जुळतांच चीज हातीं घेतली आणि दुसऱ्या आवर्तनांतच राग नटबिहाग समोर उभा राहिला. आवाज तरुणाचा नव्हता. वाळलेला, जरासा खरखरीत, पण प्रत्येक स्वर जेथें ठेवावयाचा तेथेंच ठेवलेला, आणि श्वासाचें म्हणाल तर आमचाच कोंडला होता. या घराण्याची लय फार विलंबित नसते. तीनतालाच्या सोळा मात्रा एका सारख्या पावलानें चालतात आणि तान त्या पावलांच्या आंत-बाहेर गुंफली जाते. एक संपली तोंच दुसरी तिच्याच पोटांतून निघते. आणि सम येते ती नगारा वाजवून नव्हे. दार उघडेंच असावें व घरचें माणूस आंत यावें तशी येते.

इतक्यांत जें भ्यालों होतों तेंच झालें. तात्यांनीं भर मैफलींत, कोर्टांत पुकारा करावा तशा आवाजांत विचारलें, "अरे, आवाज टिकलाय का त्याचा?" पन्नास माना वळल्या. आम्हांस धरणी दुभंगेल तर बरें असें झालें. पुढच्या रांगेंतले एक कानडी गृहस्थ मागें वळले. आतां हे काय बोलतात, या भीतीनें आम्हीं खालीं पाहिलें. त्यांनीं कांहीं न बोलतां तात्यांकडे पाहून उजवा हात डोक्याच्या वर, जितका जाईल तितका उंच नेला व खालीं आणला. तात्यांनीं समाधानानें मान हालविली. पुन्हां ते रात्रभर एक शब्द बोलले नाहींत.

दुसरा राग सुरू झाला आणि आम्हांस तो ओळखेना. वही मांडीवर, पेन्सिल हातांत. कानडा म्हणावा तर निषाद वेगळा लागे. मल्हार म्हणावा तर दुसऱ्याच वाटेनें उतरे. आम्ही मनांत यादी धुंडाळूं लागलों. त्या रागाचें बोट धरून मन्सूर कोठकोठें हिंडले, काय काय दाखवून आले, तें आम्हांस सांगतां येणार नाहीं. आम्ही वहींत होतों. मध्यंतरीं सहज बाजूला पाहिलें तों तात्या डोळे मिटून बसलेले. झोप लागली असेल असें वाटलें. परंतु त्यांचा डावा तळवा तक्तपोशीवर सपाट टेकलेला होता आणि उजव्या हाताचीं बोटें मांडीवर मात्रा मोजीत होतीं. आम्ही पाहत राहिलों. बारा, तेरा, चौदा... सोळावी मात्रा सरली आणि तात्यांची थाप मांडीवर पडली, ती तबल्याच्या समेबरोबर. पुढच्या आवर्तनांतही तसेंच. तीन-चार आवर्तनें गेलीं कीं ते डोळे उघडून एकवार मन्सूरांच्या मानेकडे पाहत, चावीचें घड्याळ लावतांना मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहावें तसे, आणि पुन्हां मिटीत.

आम्हीं वही बंद केली. त्या रागापुढची जागा तींत आजही कोरी आहे.

मग बसंती केदार झाला. वसंत व केदार यांचा हा जोडराग. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतेंच. संस्कृत मात्र आम्ही शास्त्रीबुवांच्या पायांशीं बसून शिकलों. दोन अलंकार एकत्र आले म्हणजे साहित्यशास्त्रांत त्याचे दोन प्रकार मानितात. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगवेगळे दिसतात, ती संसृष्टि. दूध आणि पाणी मिसळलें कीं वेगळें काढतां येत नाहीं, तो संकर. जोडराग गाणारे बहुतेक गवई तीळतांदूळ करितात: हा वसंत पाहा, आतां हा केदार पाहा. मन्सूरांनीं त्या रात्रीं काय केलें तें आम्हीं पुष्कळदां शब्दांत धरूं पाहिलें. केदाराचा मध्यम लागला असें वाटावें आणि तोच स्वर मागें वळून पाहतां वसंताचा होऊन बसलेला असावा. क्षीरनीर म्हणजे काय हें इतकीं वर्षें मुलांस सांगत होतों. डोळ्यांपुढें पाहिलें तें त्या दिवशीं.

शेवटीं त्यांनीं शिवशरणांचें एक कानडी वचन गाइलें. दिवाणखान्यांत निम्मे मराठी, निम्मे कानडी. कोणी हललें नाहीं.

परततांना रिक्षांत काळोख होता व पाटी घरीं राहिली होती. तात्यांनीं हात पुढें केला. आम्हीं त्यांच्या तळव्यावर बोटानें एकेक अक्षर काढून रागांचीं नांवें लिहिलीं. दुसऱ्या रागाशीं थांबलों, तेव्हां ते म्हणाले, "नसेल ठाऊक तर राहूं दे." जरा वेळानें आपणच म्हणाले, "समेवर येतांना मान तशीच झुकते. धारवाडास झुकायची, तश्शी."

घरीं येऊन पाहतों तों पाटी कोनाड्यांत तशीच. वर आमचें सुंदर अक्षर, खालीं काकूचें वांकडें. तात्यांनीं गळपट्टा काढतां काढतां पाटी वाचली आणि विचारलें, "तुझी पुढची सभा कधीं आहे रे?" आम्हीं पाटी पुसली.

१२ सप्टेंबर १९९२ रोजीं मन्सूर गेले. त्याच वर्षीं त्यांस पद्मविभूषण मिळालें होतें. रेडिओवर बातमी आली तेव्हां तात्या माजघरांत सुपारी कातरीत बसले होते. आम्हीं पाटीवर लिहिलें. त्यांनीं वाचलें आणि विचारलें, "वय काय झालं?" आम्हीं खालीं ८१ असा आंकडा घातला. त्यांनीं पाटी आमच्या हातून घेतली ती पुन्हां दिली नाहीं. दोन दिवस ती त्यांच्या उशाशीं होती, कोणास पुसूं देईनात. सारें घर त्यांच्याशीं जुन्या पाकिटांच्या पाठीवर आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांवर लिहून बोलत होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं आपणच धोतराच्या सोग्यानें पाटी स्वच्छ पुसली, ती कोनाड्यांत जागेवर ठेविली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "वहिनी, चहांत आज साखर विसरलांत."