उद्घाटन आपलं, राखण कोणाची?



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या शहरात काय वातावरण असतं ते तुम्हाला सांगायला नको. क्रांती चौक असो की भडकल गेट, प्रत्येक मंडळाचं काहीतरी चाललेलं असतं. २०२४ साली आम्हा पाच जणांचं ठरलं की यंदा डीजेला वर्गणी नाही, यंदा आपण आपलं स्वतःचं लिनक्स काढायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिनक्स हा नुसता गाभा. त्यावर हजारो लहानमोठे प्रोग्राम रचून, एकमेकांशी जुळवून, संगणकावर थेट चढवता येईल असा जो संच तयार करतात त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. तो कोणीही बनवू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. आमच्याकडे वस्तीतल्या तीन अभ्यासिकांमध्ये मिळून अकरा संगणक होते, सगळे कोणत्या ना कोणत्या ऑफिसने टाकून दिलेले. त्यांच्यावर चोरीचं विंडोज होतं आणि त्या विंडोजवर व्हायरस. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना फॉर्म भरताना घाम फुटायचा.

आम्ही डेबियन घेतलं. निळा पडदा लावला, चांगले देवनागरी फॉन्ट टाकले, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून ठेवला, लिब्रेऑफिस टाकलं, बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या शासनाने छापलेल्या खंडांच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवल्या. नावावरून तीन बैठका झाल्या. सगळ्यात जास्त वेळ नावावर गेला, हे आज कबूल करतो. मार्चच्या मध्यावर आमची प्रत तयार झाली आणि उद्घाटनाच्या आधी चाचणी म्हणून आम्ही ती अकराही संगणकांवर चढवली. जुन्या ग्राफिक कार्डांनी त्रास देऊ नये म्हणून डेबियनची पक्की आवृत्ती न घेता ‘टेस्टिंग’ शाखा घेतली होती. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो म्हणून आपोआप होणारे अपडेट बंद करून ठेवले. आणि दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून एसएसएच चालू ठेवलं. तिन्ही निर्णय त्या वेळी अगदी शहाणपणाचे वाटले होते.

२९ मार्चला बातमी आली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो खोदत गेला आणि ‘एक्सझेड’ नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या घटकात चोरदरवाजा सापडला. एसएसएच चालू असलेल्या संगणकात बाहेरच्या माणसाला शिरता यावं अशी ती सोय होती. डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत तो घटक पोहोचला नव्हता. टेस्टिंग शाखेत पोहोचला होता. म्हणजे आमच्या अकराही संगणकांत होता.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, आता अपडेट कोण करणार? आणि उत्तर येईना. सगळ्या संगणकांचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो दोन दिवसांपूर्वी पुण्याला नोकरीवर रुजू झाला होता, फोन लागत नव्हता. दुसऱ्याची पोलीस भरतीची तयारी. तिसरा म्हणाला, मी फक्त डिझाइन केलं होतं. शेवटी मी आणि एक ताई (तिचं नाव लिहिलेलं तिला आवडणार नाही) मोटारसायकलवर दोन दिवस तिन्ही अभ्यासिका फिरलो. पुण्याच्या मित्राने पासवर्ड रात्री दीड वाजता पाठवला. डेबियनवाल्यांनी तोवर जुनीच आवृत्ती नव्या क्रमांकाखाली परत आणली होती. तिचं नावच ‘५.६.१+रिअली५.४.५’ असं होतं, म्हणजे वरून ५.६.१, खरं तर ५.४.५. त्या गडबडीतही हसू आलं.

आमचं नुकसान काही झालं नाही. संगणक मोबाइल हॉटस्पॉटच्या आड होते, बाहेरून कोणी तिथवर पोहोचणं कठीणच होतं. पण ते आमचं कर्तृत्व नव्हतं, आमच्या गरिबीने आम्हाला वाचवलं.

मित्रांनो, खरी गोष्ट इथून पुढे आहे. तो चोरदरवाजा तिथे आला कसा? एक्सझेड हा घटक जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो, आणि तो वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन नावाचा. बिनपगारी, फावल्या वेळात. २०२२ साली त्याने उघडपणे सांगितलं होतं की आपली मानसिक तब्येत बरी नाही, काम रेटत नाही. त्यावर काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. आणि दुसरा तयारच होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून गोड बोलून, खरं काम करून विश्वास मिळवत होता. शेवटी किल्ल्या त्याच्याकडे गेल्या.

हे वाचताना मला आपल्या किती संघटना आठवल्या ते सांगू का? एकटा माणूस वीस वर्षं विहाराचं, वाचनालयाचं, शिष्यवृत्तीच्या अर्जांचं बघतोय. तो दमलाय हे सगळ्यांना दिसतं. त्याला मदत करायला कोणी जात नाही, टीका करायला सगळे जातात. मग एक दिवस कोणीतरी नवा, उत्साही, पैसेवाला माणूस येतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

खुद्द बाबासाहेबांनाही हे चुकलं नाही. ‘मूकनायक’ १९२० च्या जानेवारीत निघाला. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण १९२७ साली सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत होते आणि १९२९ मध्ये तो बंद पडला, हे आपण कमी सांगतो. पत्र निघालं याचा आपण उत्सव करतो. ते का थांबलं, वर्गणी कोणी दिली नाही, हा प्रश्न आपल्याकडे बोट दाखवतो म्हणून आपण तो टाळतो.

१४ एप्रिलच्या संध्याकाळी आमचं उद्घाटन झालंच. हार, टाळ्या, फोटो. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, आम्ही त्यांना दादा म्हणतो, भाषणात म्हणाले, ‘आज आपल्या पोरांनी मायक्रोसॉफ्टला उत्तर दिलं!’ ताईने माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

त्यानंतर मी डेबियनचा इतिहास वाचायला घेतला, कारण आम्ही ज्याच्या खांद्यावर बसून मिरवत होतो ते तीस वर्षं टिकलं कसं हे मला कळत नव्हतं. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ ला त्याची घोषणा केली. आपलं नामांतर तेव्हा पाच महिन्यांवर होतं. विधिमंडळाचा ठराव होता १९७८ चा, आणि विद्यापीठाच्या कमानीवर नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत कोणी काय सोसलं हे या शहरात वेगळं सांगावं लागत नाही.

डेबियनमागे कंपनी नाही. जगभरचे हजारेक स्वयंसेवक आहेत. १९९७ साली त्यांनी ‘सामाजिक करार’ केला, १९९८ साली लिखित संविधान स्वीकारलं. दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते. मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो. निवडलेला प्रमुख नकोसा झाला तर सभासद ठराव करून त्याला काढू शकतात. आपल्याकडे लोकसभेची धामधूम चालू होती त्याच एप्रिलमध्ये त्यांनी आंद्रेयास टिले यांना निवडलं. ना पोस्टर, ना बाइक रॅली.

पण मला थांबवलं त्या संविधानातल्या एका वेगळ्याच कलमाने. त्याचा आशय असा की प्रकल्पाचं काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. ज्याला नेमून दिलेलं काम करायचं नाही त्याने करू नये, फक्त नियमांच्या विरोधात जाऊन अडवणूक करू नये. काम सोडायचं असेल तर तो घटक ‘अनाथ’ झाला असं जाहीर करायचं, त्याची उघड यादी असते, दुसरा कोणीतरी तो दत्तक घेतो. सोडून जाणाऱ्याला कोणी गद्दार म्हणत नाही. न सांगता गायब होणं मात्र वाईट समजतात.

हे कलम मी आपल्या नजरेतून वाचलं. गावाची राखण करणं हे आपल्या पूर्वजांचं काम होतं. वेशीवर रात्रभर जागायचं, सांगावा घेऊन जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात शिळी भाकरी. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. जातिव्यवस्था नुसती कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली तोडून टाकते, हे त्यांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त मांडलं. मग नाव ठेवणारा वर आणि झाडणारा, सांधणारा, राखणारा खाली, ही उतरंड ब्राह्मणी आहे हे आपण मान्य करतो ना? तर मग आमच्या पाच जणांत नाव ठेवायला पाचही जण आणि अपडेट करायला एक ताई, हे काय होतं?

त्या बाईने पुढे दोन महिने दर रविवारी एकटीने चक्कर मारली. नंतर एका बैठकीत तिने शांतपणे सांगितलं, ‘मी आजपासून अनाथ करते हे काम.’ मी तिला ते कलम वाचून दाखवलं होतं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

त्या बैठकीत आम्ही आमची डिस्ट्रो बंद केली. दादांना हे आजही पटलेलं नाही. ते म्हणाले, ‘अरे पोरांनो, सरकारचं सीडॅकवालं बॉस आहे, ते गरुडावाले आहेत, मग आपलंच का नको? आपलं नाव जगात कुठेतरी नको का?’ त्यांचा मुद्दा हलका नाही. गरुडा लिनक्स २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात निघालं. श्रीनिवास विष्णू कुंभार हे त्याच्या संस्थापकांपैकी एक, सोबतीला जर्मनीचा एक जण आणि ठिकठिकाणचे स्वयंसेवक. ते आजही चालू आहे, गेम खेळणाऱ्या पोरांत प्रिय आहे. नाव पुराणातलं, ते माझ्या जिभेला रुचत नाही, पण त्यांनी सातत्याने राखण केली हे मानावंच लागेल. मी दादांना म्हणालो, तुम्ही मला दर आठवड्याला वेळ देणारे दहा जण द्या, उद्या परत सुरू करतो. ते म्हणाले, बघतो.

वेगळी चूल मांडायला माझा विरोध नाही. डेबियनमध्येही २०१४ साली मोठं भांडण झालं आणि एक गट ‘देवुआन’ नावाने बाहेर पडला. त्यांची पहिली पक्की आवृत्ती यायला २०१७ चा मे उजाडला, पण ती आली. जाताना त्यांनी सगळा कोड सोबत नेला आणि मागे राहिलेल्यांचंही काही कमी झालं नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या आपल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजत बसत नाही. प्रत्येक तुकड्याने नाव आणि निळा झेंडा नेला, सभासद नोंदवही मात्र कोणाकडे आहे ते अजून कळलेलं नाही.

काही तरुण मित्र विचारतात की मग परक्यांच्या दारात पाणी भरायचं का? मला यात चवदार तळं दिसतं. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं कागदावर लिहिलं. २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. बाबासाहेबांनी शेजारी दुसरं तळं खोदलं नाही, सार्वजनिक तळ्यावर हक्क सांगितला. डेबियन सार्वजनिक आहे. त्यात आपण नाही हा दोष अर्धा त्यांच्या इंग्रजी दरबाराचा आहे आणि अर्धा आपला.

आता आम्ही साधं डेबियन वापरतो, पक्की आवृत्ती. निळा पडदा ठेवलाय, तेवढा हट्ट सोडला नाही. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक कागद आहे, प्रत्येक संगणकासमोर दोन नावं, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात, आणि शेवटचा रकाना ‘अनाथ’. कोणीही न लाजता तिथे खूण करू शकतो. पुण्याच्या मित्राने मराठी भाषांतराच्या फायली घ्यायला सुरुवात केली आहे, रोज चार ओळी. ताई परत आली, फक्त महिन्यातून एकदा, तिच्या अटीवर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, त्यामुळे ऑफिसांतून जुने संगणक पुन्हा बाहेर पडताहेत. आणखी सहा आलेत. त्यातले दोन इतके जुने, ३२ बिटी, की डेबियनची तेरावी आवृत्ती त्यांच्यावर चढतच नाही. बाराव्या आवृत्तीवर ते जून २०२८ पर्यंत निघतील. त्यांच्यासमोर अजून एकाचंच नाव लागलंय. दुसऱ्यासाठी रविवारी सकाळी अकरा वाजता बसतोय.