दोन पिनांचं शेपूट

ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करून घेतली म्हटलं की नामपुरात जो तो गिअरबॉक्सचंच विचारतो. कुठून आणला, केवढ्याला पडला, क्लचप्लेट नवी टाकली का? खरं तर तेवढंच काम सोपं. मालेगावच्या भंगारात त्याच मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला. फ्लायव्हील, शाफ्ट, क्लचचं पेडलसुद्धा मिळालं. मिस्त्रीने शिव्या घालत ते सगळं लोखंड वर चढवलं. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. शेपूट म्हणजे रिव्हर्स स्विचचं अंगठ्याच्या नखाएवढं, दोन पिनांचं कपलर.

ऑटोमॅटिक बॉक्सच्या पोटात सोलेनॉइड, तेलाच्या तापमानाचा सेन्सर अशी बरीच मंडळी असतात. त्यांच्यासाठी एक जाडजूड कपलर येतं. मॅन्युअलचा संसार आटोपशीर. रिव्हर्सच्या दोन वायरी, स्पीड सेन्सरच्या तीन, झालं. पण जुनी तोंडं नव्या बॉक्सवर बसत नाहीत, आणि चौकशी करावी तर कपलर सुटं येत नाही, अख्खं वायरिंग घ्या, हे उत्तर. दोन वायरींसाठी अख्खं वायरिंग घेणारा अजून मोसम नदीकाठी जन्माला यायचाय.

वायरमनने आधी कांद्याच्या पिकअपांकडे मोर्चा वळवला. मार्केटच्या दिवशी त्यांना तोटा नाही, आणि रिव्हर्स स्विच प्रत्येकीला असतोच. गॅरेजात पडलेलं एका पिकअपचं कपलर त्याने लावून पाहिलं. पिना तशाच, अंतर तेच, पण पाठीवरची खाच सूतभर सरकलेली. "भाऊ, हाई आठे बसस नही," म्हणून त्याने ते परत डब्यात टाकलं. खाच वेगळी ठेवण्यात कारखान्याचा शहाणपणा असतो, घाईत चुकीचं कपलर चुकीच्या जागी बसू नये म्हणून. आमच्यासारख्या उपद्व्यापी लोकांचा विचार त्यात कशाला असेल?

मग पर्याय एकच, वायर पिळा आणि टेप मारा. आपल्याकडे निम्म्या गाड्या अशाच चालतात. पण बॉक्सपाशी तेल, धग आणि पावसाळ्यात चिखलपाणी. तिथे पिळलेलं तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. यावरचा पक्का उपाय म्हणजे वायर सोल्डर न करता धातूच्या टोकात दाबून बसवणं; ती विद्या दुसऱ्या महायुद्धात विमानांमुळे आणि जहाजांमुळे फोफावली. अमेरिकेतली एएमपी ही कंपनी त्याच कामावर उभी राहिली, 1941 साली. वायरिंगमधलं जपानी नाव याझाकी, ती कंपनीही 1941 चीच. त्यांच्या पक्कडीचा दाब आणि आमच्या वायरमनच्या दातांचा दाब यात फरक राहणारच.

कपलर शेवटी मालेगावातच सापडलं, एका कापलेल्या वायरिंगच्या गुंत्यात. वीतभर वायर ठेवून कापून घेतलं. नुसतं तोंड आणलं तर आतल्या पिना कुठून आणणार? वायरमनने दाभण घालून आतली जीभ उचलली, पीन मागे ओढली, काळी पडलेली टोकं घासली आणि आतलं रबर शाबूत आहे का ते उजेडाकडे धरून पाहिलं. स्विचवर दाबल्यावर टिक वाजलं तेव्हा कुठे त्याने गुटख्याची पुडी फोडली.

स्टार्टरवरून मात्र आमची जुंपली. जुना बॉक्स पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नसे. ते ओळखणारा स्विच जुन्या बॉक्सबरोबर गेल्यावर किल्ली फिरवली तरी गाडी ढिम्म. "डायरेक्ट करून टाकू," वायरमन म्हणाला. डायरेक्ट केलं आणि गिअरमध्ये किल्ली मारली, तर गाडी समोरच्याच्या अंगावर. मी क्लचच्या पेडलला स्विच लावायचा हट्ट धरला. त्या स्विचचं कपलरही दोन पिनांचंच, आणि अर्थातच तेही जुळेना.

भंगारवाल्याकडे पुन्हा जावं लागलं. गिअरबॉक्स त्याने घासाघीस करून दिला होता. कपलरचा भाव त्याने आमच्या तोंडाकडे बघून सांगितला, आणि आम्ही मुकाट्याने दिला.