शेवटच्या पानावर

कोणतेही जुने पुस्तक हाती आले, की मी त्याचे शेवटचे पान आधी पाहतो. घरची मंडळी या खोडीला हसतात; पण आर्मेनियाच्या चित्रकलेशी माझी ओळख झाली ती या खोडीमुळेच. एका ग्रंथालयात आर्मेनियन पोथ्यांतील चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ मिळाला. नेहमीप्रमाणे मी तो मागून उघडला, आणि तिथेच रमलो.

आर्मेनियन माणसे आपल्याला अगदीच परकी नाहीत. व्यापारासाठी ती सुरतेला आली, मुंबईलाही आली. कोटात १७९६ साली स्थापन झालेले त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आहे. मेस्रोप माश्तोत्स या साधुपुरुषाने इ. स. ४०५ च्या सुमारास त्यांच्या भाषेला लिपी दिली, आणि तेव्हापासून या लोकांनी पोथी जपली ती पोटच्या पोरासारखी. त्यांची जुनी चित्रकला मुख्यतः पोथ्यांच्या पानांतच नांदते. कातड्याची पाने, त्यांवर सोन्याचा वर्ख, गडद निळा रंग, आणि अरारातच्या मैदानातील एका किड्यापासून काढलेला लाल रंग! तेराव्या शतकात युफ्रेटिसच्या काठी, ह्रोमक्लाच्या गडावर तोरोस रोसलिन चित्रे काढी. १२५६ ते १२६८ या काळातील त्याच्या सहीच्या सात पोथ्या आज उपलब्ध आहेत. त्याने रंगवलेले संत पाहताना वाटते, ही माणसे आताच कुणाशी तरी बोलत होती.

पोथी पुरी झाली की लेखनिक शेवटी 'हिशातकरान', म्हणजे स्मरणलेख, लिहीत असे. पोथी कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, त्या वर्षी दुष्काळ होता की परचक्र आले होते, हे सारे त्यात येई. लुटून नेलेली पोथी कुणी पैसे मोजून परत आणली, तर तिला 'बंदिवासातून सोडवले' अशी नोंद होई. आपले लेखनिकही तेला-पाण्यापासून पोथी जपा, असे विनवीत. पण पोथीला बंदिवान समजून सोडवणारी माणसे मला इथेच भेटली.

१९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा संहार सुरू झाला. मुशच्या मठात १२०० ते १२०२ या काळात लिहिलेली, सुमारे २८ किलो वजनाची एक पोथी होती. तिची कथा अशी सांगतात, की पळून जाणाऱ्या दोन बायकांना ती सापडली. एकटीला ती उचलेना, म्हणून त्यांनी तिचे दोन भाग केले. एक भाग एचमियाद्झिनला पोचला, दुसरा वाटेत एर्झुरूमला पुरून ठेवला गेला. आज दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या ग्रंथसंग्रहालयात एकत्र आहेत.

ही गोष्ट मी घरी सांगितली. पत्नी क्षणभर थांबून म्हणाली, "त्यांच्या कडेवर पोरं नव्हती का हो?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

असेच एक पोर त्या वर्षी व्हान प्रांतातून आईबरोबर निघाले. १९१९ साली येरेवानला ती माउली उपासमारीने गेली. मुलगा पुढे अमेरिकेला पोचला आणि आर्शिल गॉर्की या नावाने मोठा चित्रकार झाला. १९१२ साली अमेरिकेतल्या वडिलांना पाठवण्यासाठी या मायलेकांचा एक फोटो काढला होता. तो समोर ठेवून त्याने 'चित्रकार आणि त्याची आई' हे चित्र दोनदा रंगवायला घेतले. एक आज न्यूयॉर्कला आहे, दुसरे वॉशिंग्टनला.

वर्षानुवर्षे तो त्या चित्रांवर काम करीत होता. फोटोत आईच्या ओच्यावर फुलांची नक्षी आहे. चित्रात ती नाही. आणि आईचे हात त्याने पुरे केलेच नाहीत. तिथे नुसते फिकट डाग आहेत. एवढ्या कसलेल्या चित्रकाराला हात काढणे काय अवघड होते? पण ज्या हातांनी आपल्याला भरवले आणि जे स्वतः उपाशी राहिले, ते हात रंगवायला त्याची कुंचली धजली नसावी, असे मला वाटते.