रामगिरीच्या पायऱ्या

सहल म्हणजे डबे भरावे, मोटार ठरवावी, देवदर्शन उरकावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, अशी आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. टेकडी चढावयाची ती तरुणांनी. लहान मुलांना न्यावयाचेच झाले तर कडेवर न्यावे. आमचे एकत्र कुटुंबही याच समजुतीचे होते. ती रामटेकच्या पायऱ्यांवर कशी सुटली, ते वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर रामटेकची टेकडी आहे. गडावर आता मोटार जाते, हे खरे. तथापि अंबाळा तलावाच्या काठाहून वर जाणारी जुन्या दगडी पायऱ्यांची वाट अद्याप पायी चालणारांसाठी आहे. गतवर्षी चैत्रात आम्ही याच वाटेने चढण्याचा बेत केला. मंडळी लहानमोठी धरून नऊ. सर्वांत वडील आमच्या आजी आणि सर्वांत धाकटा पाच वर्षांचा बाळ. एकत्र कुटुंबाच्या रीतीप्रमाणे निघता निघताच नऊ वाजले आणि अंबाळ्याशी पोचेतो ऊन चांगलेच तापले. काका झपझप पुढे गेले. थोरली मुले त्यांच्यामागे धावली. बाळ मध्ये राहिला, आणि आम्ही मागून त्याला ‘आलेच हं, आता आलेच’ असे सांगत चालवू लागलो.

तिसरा हिस्साही चढून झाला नसेल, तोच बाळाची बडबड थांबली. चेहरा लालबुंद झाला, पाणी दिले तर नको म्हणाला. आम्हांस वाटले, कंटाळला असेल. आजींनी मात्र त्याच्या कपाळाला हात लावला, त्याला एका झाडाच्या सावलीत बसवले, पदर भिजवून त्याचे तोंड पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, “आता खाली चला.”

काका वरून परत आले. “आई, इतक्या लांब येऊन दर्शनावाचून परत जायचे?”

“राम कुठे पळून जात नाही,” आजी म्हणाल्या.

ज्या बाईंनी एकादशी कधी चुकवली नाही, त्यांनीच देवाच्या पायथ्याशी येऊन पाठ फिरवावी, याचे आम्हांस नवल वाटले. बाळ तर खाली येईपर्यंत रडत होता. आपल्यामुळे सर्वांचा बेत मोडला, हे त्या कोवळ्या जिवाला कळले होते. अंबाळ्याच्या काठी गारव्यात बसून साखरमिठाचे पाणी घोटघोट पोटात गेल्यावर तो पूर्ववत् बोलू लागला. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि तहान लागल्याचे मूल वेळेवर सांगत नाही, ही गोष्ट आम्ही वाचलेली होती. त्या दिवशी ती प्रत्यक्ष कळली.

घरी आल्यावर पुष्कळ चर्चा झाली. आजींचे म्हणणे असे पडले की, चूक मुलाच्या पायांची नव्हे, आपल्या घाईची आहे. मग पावसाळा ओसरताच आम्ही दर रविवारी पहाटे सेमिनरी हिल्सवर जाऊ लागलो. प्रथम अर्धा तास, पुढे तास, नंतर दोन तास. नियम चारच ठरवले. सर्वांत धाकट्याने पुढे चालावे आणि त्याच्या पावलाने बाकीच्यांनी. प्रत्येकाने आपले पाणी आपण वाहावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे. मूल ‘थांबू या’ म्हणण्याच्या आधी थांबावे. आणि ‘आता आलेच’ असे खोटे कधीही सांगू नये. बरेच उरले असेल तर बरेच उरले म्हणावे. हा शेवटचा नियम पाळणे आम्हां वडीलधाऱ्यांस सर्वांत जड गेले, हे कबूल केले पाहिजे.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा रामटेकला निघालो. या खेपेस अंधार असतानाच. बरोबर दशम्या, लिंबाचे लोणचे आणि संत्र्यांची एक पिशवी होती. हवेत चांगलीच थंडी होती. बाळ पुढे, आजी त्याच्यामागे, आणि सदैव आघाडीवर असणारे काका शेवटी, अशी आमची दिंडी पायऱ्या चढू लागली.

मुलाच्या पावलाने चालल्यावर टेकडी निराळीच दिसते. नागपुरातील सीताबर्डीची टेकडी काळ्या अग्निज खडकाची. रामटेकचा खडक त्याहून कितीतरी प्राचीन, आणि त्यात अभ्रकाचे कण चमकतात. बाळाने असा एक दगड उचलून सूर्याकडे धरला आणि तो खिशात टाकला. या टेकडीला सिंदूरगिरी असेही म्हणतात, हे थोरल्या मुलीने त्याला सांगितले. पायऱ्यांच्या कठड्यांवर काळतोंडे वानर कुटुंबांसह ऊन खात बसले होते. त्यांच्या देखत खाऊ बाहेर काढावयाचा नाही, हे मुलांना आधीच बजावलेले असल्यामुळे आमची पिशवी शाबूत राहिली.

एका विसाव्यावर आम्ही मुलांना प्रभावतीगुप्तेची गोष्ट सांगितली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या वाकाटकांच्या घरी दिली होती. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारला तेव्हा मुलगे लहान होते. त्यांच्या वतीने तिनेच राज्य चालवले. रामगिरीच्या स्वामीवर तिची फार भक्ती. गडावरील नरसिंहाची देवळे आणि प्रचंड वराह त्याच वाकाटक काळातले, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांचे. मेघदूतातील यक्षाचा रामगिरी तो हाच, असे नागपूरचे विद्वान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. या सर्वांतून बाळाने एकच प्रश्न काढला: “ती राणी मुलांना घेऊन पायीच चढायची का?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

पुढे ते चैत्रातले झाड आले. बाळाने ते ओळखले आणि तो आपण होऊन थांबला. त्याने मागे वळून पाहिले. आजी कठड्याला हात टेकून उभ्या होत्या. गुडघे दुखत असावेत, पण त्या बोलल्या नव्हत्या. आमच्या ध्यानात ते आले नव्हते. बाळ दोन पायऱ्या खाली उतरला, त्यांचा हात धरला आणि म्हणाला, “आजी, तू दमलीस का? आपण परत जाऊ. राम कुठे पळून जात नाही.”

कोणीच काही बोलले नाही. आजी त्याच झाडाखाली बसल्या. बाळाने आपल्या बाटलीतले पाणी त्यांना दिले, संत्र्याची एक एक फोड सोलून त्यांच्या हातावर ठेवली. अर्ध्या तासाने त्या उठल्या व म्हणाल्या, “चल, आता तुझ्या पावलाने नेशील तर येते.”

दर्शनास दहा वाजून गेले. राममंदिरापुढच्या तटावरून खाली अंबाळ्याचे पाणी दिसत होते. बाळाने तेथून आपले झाड शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. ते सापडले नाही.

ज्या घरी लहान मुले आणि वृद्ध माणसे एकत्र नांदतात, त्यांस आमची विनंती एवढीच की, थंडीचे दिवस आहेत तोवर एकदा तरी एखाद्या टेकडीवर सर्वांनी मिळून पायी जावे, पहाटे निघावे आणि धाकट्याला पुढे ठेवावे. वर पोचणे झाले तर उत्तमच. न झाले तर संकोच न करता परत फिरावे. आमच्या बाळाने आजीची काळजी घेण्याचा धडा गिरवला तो गडावर पोचलो त्या दिवशी नव्हे. तो चैत्रात, अर्ध्या वाटेवरून खाली उतरताना त्याला मिळालेला होता.