खळगा

माझ्या उशाशी एक स्फटिक असतो. बोराएवढा, बिनरंगी, काचेहून नितळ. नाव ॲपोफिलाईट. पुण्याजवळच्या एका दगडखाणीतल्या ढिगाऱ्यात मिळाला. असे खडे मन शांत करतात म्हणून देशोदेशी विकले जातात. लोक ते कपाळावर ठेवून डोळे मिटून पडतात. खड्यानं आजार पळतो यावर माझा विश्वास नाही. ताप आला की मी डॉक्टरच गाठते. पण झोप उडालेल्या रात्री हात चाचपडत त्याच्याकडेच जातो.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, थरावर थर. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. वायू गेला, पण त्याची जागा काळ्या फत्तरानं तशीच पोटात जपली. मग ऊन पाणी झिरपत आलं, खडकातलीच सिलिका, खडकातलंच कॅल्शियम विरघळवून त्या रिकाम्या घरात ठेवत राहिलं. कण कण. गडद अंधारात स्टिल्बाईटच्या फिकट केशरी जुड्या उमलल्या, आणि वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साईटचे निळेभोर गुच्छ. हा निळा व्हॅनेडियमचा. पण सुरुंग उडून धूळ खाली बसते आणि फुटक्या फत्तरातून तो एकदम समोर येतो, तेव्हा रसायनशास्त्र कुठलं आठवायला! मला तिथं चपला काढाव्याशा वाटतात. सुरुंग लागला नसता तर तो दिसला नसता, आणि त्याच खाणीची खडी माझ्या घराच्या स्लॅबमध्येही असेल. हे मनाला टोचतंच.

स्टिल्बाईटचं कूळ झिओलाईटचं. 1756 मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असं एक खनिज तापवलं, तर त्यातून वाफ उसळली. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्यानं नाव ठेवलं, उकळणारा दगड. या दगडांत डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा असतात आणि त्यांत पाणी मुरलेलं असतं. याच कुळातले, पण कारखान्यात घडवलेले दाणे ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्रात भरतात. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात, प्राणवायू पुढे सोडतात. 2021 च्या उन्हाळ्यात वडिलांच्या खाटेशी असं यंत्र रात्रभर घुरघुरत होतं. त्याच्या पोटात काय आहे हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा स्फटिक मुठीत होता. आधी गारठलेला, मग हळूहळू माझ्याइतकाच ऊबदार.

तो ठेवते आजीच्या सहाणेवर. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ. घरातल्या प्रत्येक बाळाची गुटी तिच्यावर उगाळली गेली. औषधाबरोबर दगडही इवला इवला झिजला असणार. मधोमध खळगा पडलाय. स्फटिक त्यात नेमका बसतो.