उशिरा आलेले बरोबर उत्तर

भाईंदरहून नायगावकडे निघालेली लोकल वसईच्या खाडीवर येते, तेव्हा पुढच्या सिग्नलचा रंग डब्यातल्या गर्दीला दिसत नाही. तो मोटरमनने पाहायचा असतो. त्याच्या नजरेतून तो निसटलाच तर? यासाठी मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेल्या शतकातच ‘ऑक्झिलिअरी वॉर्निंग सिस्टिम’ आली. सावधगिरीच्या सिग्नलपाशी ती इशारा देते. मोटरमनने ठरलेल्या सेकंदांत दखल घेतली नाही, तर ब्रेक आपोआप लागतो.

रिअल-टाइम यंत्रणा म्हणतात त्या अशांना. ब्रेकचा निर्णय अचूक असला तरी उशिरा आला, तर तो चुकलेलाच.

म्हणून अशा कामासाठी प्रोग्रॅमिंगची भाषा निवडताना ‘वेगवान कोणती’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. अत्यंत बिकट प्रसंगीही उत्तर किती वेळात येईल, हे आधी सांगता यावे लागते. नेहमीची जावा इथे मागे पडते: वापरून झालेली मेमरी आवरायला ती मध्येच थांबू शकते, आणि केव्हा, ते प्रोग्रॅमरच्या हाती नसते. ‘सी’ अशी थांबत नाही. पण पहाराही देत नाही. सारे काही लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर.

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात शेकडो भाषा नांदत होत्या. त्या गोंधळावर उपाय म्हणून ‘एडा’ घडवली गेली. नाव एडा लव्हलेसचे, आणि लष्करी मानकाचा क्रमांक १८१५, म्हणजे तिचे जन्मवर्ष. (त्या खात्यातही कोणी रसिक होताच.) समांतर चालणारी कामे आणि वेळेसाठी थांबणे हे या भाषेच्या व्याकरणातच आहे; संख्या मर्यादेबाहेर गेली की ती हटकते.

तरीही ४ जून १९९६ रोजी ‘एरियान ५’ हा युरोपीय अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला, आणि तो प्रोग्रॅम एडातलाच होता. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. भाषेने हटकले, पण प्रोसेसरवरचा भार मर्यादेत राहावा म्हणून त्या ठिकाणची तजवीज वगळलेली होती. संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडला होता. शिवाय, तो हिशेब उड्डाणानंतर निरुपयोगीच होता. ‘एरियान ४’कडून वारशाने आलेला. शंका आली की थांबणे लोकलला परवडते, अग्निबाणाला नाही. हा फरक कोणत्याही भाषेच्या व्याकरणात सापडत नाही.

पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गावर १९९८मध्ये चालकाविना गाड्या धावू लागल्या. तिथे सुरक्षेचे नियम आधी गणिताने सिद्ध केले गेले, आणि त्यांवरून एडातील सुमारे ८६ हजार ओळी तयार झाल्या.