मार्क ट्वेन आणि मेसमधले काका

एम.ए.च्या तिसऱ्या सेमिस्टरला एका लेखकाचा सखोल अभ्यास करायचा पेपर होता. यादीत चार लेखक होते. मी मार्क ट्वेन घेतला, कारण तो विनोदी. बाकीचे तिघं फोटोवरूनच जड वाटत होते.

शिवाय टॉम सॉयर शाळेत असतानाच वाचलेला होता. कुंपण रंगवायची शिक्षा मिळालेला टॉम असा काही आव आणतो की बाकीची पोरं स्वतःजवळच्या वस्तू देऊन त्याच्याकडून ब्रश मागून घेतात. एवढ्या भांडवलावर पेपर निघेल, असा माझा हिशोब.

ट्वेनचं खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स. मिसिसिपी नदीवर तो आगबोटीचा पायलट होता. पाण्याची खोली मोजणारा माणूस ‘मार्क ट्वेन’ असं ओरडला की समजायचं, दोन वाव पाणी आहे. म्हणजे 12 फूट. बोट तळाला लागणार नाही. मीही त्या भरवशावरच ‘हकलबेरी फिन’ उघडलं आणि पंधराव्या प्रकरणात अडकलो.

गोष्ट 1865 मध्ये गुलामगिरी संपली त्याच्या आधीची आहे. दारुड्या बापाला कंटाळून पळालेला हक आणि मालकिणीकडून पळालेला गुलाम जिम एका तराफ्यावरून नदीतून चाललेत. एका रात्री धुक्यात दोघांची चुकामूक होते. हक परत येतो तेव्हा जिम थकून झोपलेला असतो. हक त्याला उठवतो आणि सांगतो, धुकं वगैरे काही नव्हतंच, तुला स्वप्न पडलं. भोळा जिम त्यावर विश्वास ठेवतो, स्वप्नाचा अर्थही लावायला बसतो. इथपर्यंत मी हसत होतो. मग हक तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवतो. जिमच्या लक्षात येतं. तू हरवलास म्हणून माझा जीव तुटत होता, आणि तू मला वेडा कसा बनवायचं याचा विचार करत होतास, असं तो सांगतो. मित्राला अशी लाज आणणारी माणसं म्हणजे हाच कचरा, असंही. आणि उठून आत जातो. एका गुलामाची माफी मागायची तयारी करायला हकला पंधरा मिनिटं लागतात. पण तो मागतो.

मला एकदम आमच्या मेसमधले काका आठवले.

काका यवतमाळकडचे. होस्टेलच्या मेसमध्ये वाढायचे. ‘भाजी काऊन उरली?’, ‘मले सांगा न, अजून देतो.’ पहिल्या वर्षी गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली. ताट हातात, मान तिरकी, आणि प्रत्येक वाक्यात मले, तुले, काऊन. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. काका मागे दाराशी उभे होते, हातात पाण्याचा जग. तेही हसत होते. नंतर कुणी विषय काढलाच तर मी हेच सांगायचो, की अरे, काका स्वतःच हसत होते.

या पेपरसाठी ट्वेनची 1874 ची एक छोटी गोष्ट वाचली. नावातच ती खरी असल्याचं तो सांगतो. उन्हाळ्यात तो मेव्हणीच्या शेतावर राहून लिहायचा. तिथं मेरी अ‍ॅन कॉर्ड नावाची स्वयंपाकीण होती, पूर्वी गुलाम असलेली. सारखी मोठ्यानं हसणारी. ट्वेननं तिला सहज विचारलं, तुला आयुष्यात कधी काही त्रास झालाच नाही, हे कसं? तिनं सांगितलं ते असं: लिलावात तिचा नवरा आणि सात मुलं विकली गेली. एकेक करून. धाकटा मुलगा तेवढा तेरा वर्षांनी पुन्हा भेटला. ट्वेननं तिचं बोलणं तिच्याच बोलीत मांडलं आणि स्वतःचा मूर्ख प्रश्नही तसाच ठेवला. तो त्याला गाळता आला असता.

बोली तर मीही वापरली होती. पण माझ्या नकलेत काकांना सांगायला काहीच नव्हतं, नुसतं ‘काऊन’ होतं.

ट्वेन मुंबईतही येऊन गेला, जानेवारी 1896 मध्ये. कर्ज फेडण्यासाठी व्याख्यानं देत जग फिरत होता. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात उतरला होता. तिथं एका धिप्पाड जर्मन माणसानं, काय चुकलं तेही न सांगता, एका नोकराच्या थोबाडीत मारली. नोकर काही बोलला नाही. साठ वर्षांच्या ट्वेनला एका क्षणात मिसूरीतलं बालपण आठवलं. तिथं त्याचे वडील, एरवी शांत माणूस, घरच्या गुलाम पोराला असंच मारायचे आणि लहानग्या सॅमला त्यात काही वावगं वाटायचं नाही. प्रवासवर्णनात त्यानं हे सगळं लिहून ठेवलंय.

मात्र ‘हकलबेरी फिन’चा शेवट मला आवडत नाही. शेवटच्या प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि कोंडलेल्या जिमला सोडवायच्या नावाखाली त्याच्यासोबत साप-उंदरांचे खेळ करतो. मालकिणीनं मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलंय, हे टॉमला माहीत असतं. पाचोळ्याच्या प्रसंगात माणूस झालेला जिम इथं पुन्हा गंमतीची वस्तू होतो. माफी मागितलेला हकसुद्धा या खेळात सामील होतो. ट्वेन इथं घसरला असंच मी पेपरात लिहिलं. मार्क बरे पडले.

ते लिहिताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली, ती पेपरात घालता येण्यासारखी नव्हती. गॅदरिंगनंतर काका माझ्याशी वेगळं बोलत होते. बाकीच्या पोरांना ‘मले’, मला ‘मला’. शेजारच्याला ‘काऊन जेवत नाही?’ आणि माझ्या ताटापाशी आल्यावर पुस्तकातल्यासारखं, ‘आपणास भाजी हवी का?’ दीड वर्ष हे चाललं होतं आणि मला ते आदराचं वाटत होतं.

त्या रात्री मुद्दाम उशिरा मेसमध्ये गेलो. गर्दी नव्हती. काय बोलायचं ते जिन्यातच ठरवून ठेवलं होतं. काका पोळ्यांची टोपली घेऊन आले.

‘पोळी वाढू का?’

‘वाढा,’ मी म्हणालो. त्यांनी दोन वाढल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेले.